समोरच्या कड्यातलं मशीन

राजुरीच्या दादाभाऊला गावात सगळे पायलट म्हणायचे. साधी बाभूळ कापायची असली तरी गड्याचा थाट बघण्यासारखा. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, कानांवर झापडं, जाडजूड पॅंट आणि पायात लोखंडी नाकाडाचे बूट. लोक विचारायचे, "विमान कुठं उतरवताय, राव?" दादाभाऊ हसून जाळी खाली ओढायचा आणि कामाला लागायचा.

त्याला कारण होतं. त्याचा मेव्हणा बहिरू चपला घालून, उघड्या डोक्याने चेनसॉ चालवायचा. शेजारच्या आळे गावाच्या शिवारात अर्धं कापलेलं झाड उलटं फिरून त्याच्या अंगावर आलं आणि तो जागीच गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून साधनाने नवऱ्याला एकच अट घातली होती, तुमी जाल तिथं मी येणार. नवरा धड आहे की नाही हे कुणाच्या तरी फोनवरून कळायला नको, एवढंच तिचं म्हणणं. दादाभाऊचीही काही तक्रार नव्हती. परगावी गरम भाकरी मिळत होती, आणि खरं सांगायचं तर अठरा वर्षांनंतरही बायको जवळपास असलेली त्याला आवडायची.

यंदा फेब्रुवारीत दोघं आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीवर गेली. भागू नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीची पाच झाडं काढायची होती, परवानगीचा कागदही हातात होता. भातखाचरांच्या बांधावर उभं राहिलं की खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे सरळसोट काळा कडा. हवा गार, भागूची बायको गोजरबाई जीव लावणारी, संध्याकाळी चुलीपुढे गप्पा. दादाभाऊ मजेत होता.

सकाळचा त्याचा एक रिवाज होता. आधी गोल कानस घेऊन चेनचा एकेक दात परजायचा. एअर फिल्टर ब्रशने झाडायचा. लिटरभर पेट्रोलात वीस मिली ऑइल मोजून घालायचा, डोळ्यांच्या अंदाजाने कधी नाही. झाड कुठं पडणार ते बघून, आपल्याला मागे सरकायला वाट साफ करायचा. मग मशीन जमिनीवर टेकवून, मुठीत पाय देऊन दोरी ओढायची, ब्रेक लावून एकदा रेस द्यायची, ब्रेक सोडून दोनदा. ही त्याची स्वतःची खोड होती. झाड आडवं झालं की पहिलं काम मशीन बंद. हे तर त्याने कधी म्हणजे कधी चुकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पहिलं झाड पडलं. दादाभाऊने मशीन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि समोरून चेनसॉचा आवाज आला. थोडा वेळ चालला आणि थांबला.

"कड्यावर आपटून येतोय," तो स्वतःशीच म्हणाला. पाणी प्यायला आणि फांद्या छाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने दोरीला हात घालण्याआधीच समोर मशीन सुरू झालं. हातातलं इंजिन गार होतं, त्यामुळे प्रतिध्वनीचा प्रश्नच नव्हता.

"भागू, पलीकडं कुनाकडं कटर हाय का?"

भागू फांद्या ओढता ओढता थांबला. "पलीकडं वाडीच न्हाई, भाऊ. निस्ता कडा हाय. तितं मानूस उबा ऱ्हायाचा न्हाई."

"आवाज येतोय की."

"येतो कदीमदी," भागू म्हणाला आणि फांद्या ओढायला लागला.

त्या रात्री दादाभाऊ निवांत झोपला. डोंगरात आवाज कुठून कुठं फिरतो, हे काय त्याला नवं होतं? कड्यामागे एखादं काम चालू असेल.

तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम मशीन न लावता बसून ऐकलं. समोर एकदा रेस झाली. मग दोनदा. दादाभाऊच्या हातातली कानस थांबली. पुढे खाचेचे दोन काप पडले, मग मागून काप सुरू झाला. मधेच इंजिन दबलं, चेन अडकली, आणि काप फाकवायला पाचर ठोकल्याचे पाच ठोके आले. मग झाड पडलं आणि मशीन बंद झालं.

अर्ध्या तासाने दादाभाऊ स्वतः त्याचं झाड कापायला लागला. मागच्या कापात त्याची चेन अडकली. त्याने पाचर ठोकली. पाचव्या ठोक्याला चेन सुटली.

आता कुणालाही घाम फुटला असता, त्यालाही फुटला. पण माणसाचा स्वभाव बघा, दुपारपर्यंत त्याची भीती ओसरली. वाईट तर काही झालं नव्हतं. समोरचा गडी कसबी होता, सगळं शिस्तीत करत होता, आणि पुढे काय अडणार ते आधीच कळत होतं. साधनाला त्याने काही सांगितलं नाही. दुपारनंतर चौथं झाड तर त्याने समोरचं ऐकून आधीच पाचर तयार ठेवून पाडलं, आणि मनातल्या मनात खूशही झाला.

राहिलं शेवटचं झाड, एक जुना ऐन. बांधाच्या टोकावर उभा, दोघांच्या कवेत न मावणारा, वर हिरवागार. चौथ्या दिवशी दादाभाऊने टाकी काठोकाठ भरली, मागे सरकायची वाट साफ केली आणि दगडावर बसून कान दिला.

समोर एक रेस. मग दोन.

खाचेचे दोन काप नीट पडले. मागचा काप सुरू झाला. आणि एकाएकी इंजिन मोकळं सुटून किंचाळलं. चेन लाकडातून निसटून पोकळीत फिरली की असा आवाज येतो.

कडाड वाजलं. झाड पडलं.

मशीन बंद झालं नाही.

हळू चालीवर ते फटफटत राहिलं. दादाभाऊ वाट बघत होता. एक मिनिट गेलं, मग पाच गेली.

तो उठला आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ऐनाच्या खोडावर ठोका दिला. खोड ढोलासारखं वाजलं.

"भागू, ह्यो पोकळ हाय?"

"आसनारच की," भागू म्हणाला. "भाताचं रोप टाकायच्या आदी जमीन भाजायला, राबाला, दरसाली फांद्या तोडतो आमी. आज्याच्या वक्तापासून तोडलाय. पानी आत मुरतं. तुमास्नी ठावं आसंल म्हनून बोललो न्हाई."

दादाभाऊला ठाऊक नव्हतं. राजुरीकडे झाड हिरवं म्हणजे आतून भरीव. त्याने सगळी झाडं त्याच हिशोबाने धरली होती. बहिरूही असाच मेला होता, आणि आपण हेल्मेट घालून मेलो असतो, एवढाच फरक.

"ह्यो मी कापनार न्हाई," तो म्हणाला. भागू घराकडे निघून गेला.

साधना डोक्यावर जेवण घेऊन आली तेव्हा दादाभाऊ दगडावर बसलेला होता. मशीन गार, टाकी भरलेली, चेनला एक कण भुसा नाही. त्याने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. तिच्या हाताला पिठाचा वास होता. आपण हे सगळं पुन्हा बघतोय, याचा त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय न्हाई. बस."

ती बसली. भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा वाढला. मग कान देऊन म्हणाली, "कुनाचं मशीन चालू ऱ्हायलंय तिकडं?"

"तेल संपलं की थांबंल."

भरलेली टाकी हळू चालीवर किती वेळ पुरते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो घास हातात धरून मोजत राहिला. शेवटी मशीन दोनदा अडखळलं आणि थांबलं.

ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

मग पलीकडून बाईची हाक आली. "अवंऽ... कुठं हाय तुमी?"

थोड्या वेळाने पुन्हा आली. ह्या वेळी जवळून, धावत आल्यासारखी. "अवंऽ..."

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही. दादाभाऊने मात्र बायकोचा आवाज अठरा वर्षं ऐकलेला होता. त्याने साधनाचा हात घट्ट धरला.

तिसरी हाक आली, आणि तिच्या शेवटी रडणं होतं.

"ओ द्या की कुनीतरी," साधना म्हणाली. "किती हाका मारतीय बिचारी."