डावीकडचे दिवे

सुगंधाबाईंनी एकदा नवस बोलला होता, पण एकटीने नाही. श्रावणची परीक्षा होती. आरमोरीच्या घरी देव्हाऱ्यासमोर त्यांच्यासोबत बुधरीही पदर पसरून बसली होती. बुधरी म्हणजे त्यांच्या धानात रोवणी करणारी गोंडीण. बाळंतपणात सुगंधाबाई तापाने फणफणल्या, तेव्हा श्रावणला तिनेच अंगावर पाजलं होतं.

"महाकाली माय, पोराले नागपूरच्या विद्यापीठात जागा दे. तिथल्या दर उंबरठ्यावर दोन दिवे लावू. उजवा माहा, डावा बुधरीचा."

विद्यापीठ म्हणजे चार खोल्यांची शाळा, असंच दोघींना वाटलेलं.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात श्रावण धानाच्या किडीवर संशोधनाला लागला. नवस फेडायचा दिवस ठरला, आणि सुगंधाबाईंच्या मनात पाप आलं. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांत ही अनवाणी, कपाळभर गोंदलेली बाई कोण म्हणून सांगायची? त्यांनी बुधरीला दहाची गाडी सांगितली आणि स्वतः पहाटे पाचच्या गाडीने निघाल्या.

"बुधरीमाय काऊन नाई आली?" नागपूरच्या स्टँडवर श्रावणने पहिल्यांदा हेच विचारलं.

"तिले बरं नाई," त्या खाली बघत म्हणाल्या.

"दर उंबरठ्यावर दिवा? अवो आई, दारं मोजता मोजताच माही पीएचडी होऊन जाईल!" नवस ऐकून श्रावण हसला.

मग भर उन्हात दोघं निघाली. एका विभागापासून दुसरा मैलभर लांब. रस्त्यांवर नवं डांबर टाकलेलं, चप्पल चिकटून राहायची. छतापर्यंत पुस्तकं रचलेलं ग्रंथालय झालं. रसायनाच्या इमारतीत नाक झोंबलं. सुगंधाबाई तांदळाच्या पिठाचा दिवा उजवीकडे ठेवायच्या, हात जोडायच्या आणि रिकाम्या डाव्या बाजूकडे न बघता पुढे व्हायच्या.

प्राणिशास्त्राच्या दारात बरण्यांतले साप दाखवत श्रावण थांबला.

"आई... हा तू लावला?"

डावीकडे पळसाच्या पानावर एक दिवा जळत होता. तेलाचा वास मोहाचा. सुगंधाबाईंनी तर तूप आणलं होतं.

पुढच्या दारात तोच वास. त्याच्या पुढच्याही. त्या पोचायच्या आधीच डावा दिवा लागलेला असायचा. शेवटी श्रावणची प्रयोगशाळा आली. तिथला दिवा नुकताच लावलेला होता, वात अजून तडतडत होती. लांबलचक व्हरांड्यात कुणीही नव्हतं.

"बुधरे..." त्या पुटपुटल्या, "चुकली वं मी."

संध्याकाळच्या गाडीने त्या आरमोरीला उतरल्या, तर स्टँडवर गर्दी. हमाल लच्छू पुढे आला.

"बाई, तुमचीच वाट पाहून राह्यली होती. दहापासून बसली. 'माही बाई मले घेऊनच जाईन,' म्हणे. दुपारी हलवून पाह्यलं तं... थंड."

बुधरी भिंतीला टेकून होती. मांडीवर मोहाच्या तेलाची बाटली, रिकामी. बोटांची टोकं काजळीने काळी. सुगंधाबाई पायाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. आरमोरीच्या स्टँडवर नुसता मुरूम. बुधरीच्या तळव्यांना ताजं डांबर चिकटलं होतं.

ते धुऊन निघालं नाही. तसंच तिला मातीत ठेवलं.

श्रावणला खरं सांगायला सुगंधाबाईंना वर्ष लागलं. तेव्हापासून त्या उंबरठ्यावर उजवीकडेच दिवा लावतात. ही कहाणी ऐकणाऱ्या बायांनो, तुम्हीही तसंच करा. डावी जागा मोकळी राहू द्या. आणि सकाळी तिथे तेल सांडलेलं दिसलं, तर पुसू नका.