जांभळ्या फुलांचं निर्माल्य

सत्यभामेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सकाळी डोहावर येऊन बघते तर काय, एक परका गडी ती जांभळी फुलं मुळासकट पाण्यात सोडतोय... आणि वर हात जोडतोय!

"ओ पाव्हणं! काय करायलात?"

तो दचकला. "निर्माल्य... निर्माल्य सोडायलोय."

"आवो, या येलीनं आमचा डोह गिळला की!"

खरंच गिळला होता. जहागीरदारानं शोभेसाठी ही वेल हैदराबादेहून आणून हौदात सोडली. हौद भरून वाहिला, वेल ओढ्यातून डोहात आली आणि धर्मापुरीच्या गुरांना घोटभर पाणी मिळेना. तहसिलात अर्ज दिला, तर उर्दूत लांबलचक शेरा आला. माणूस काही आला नाही. मग सत्यभामाच पदर खोचून पाण्यात उतरली. मागोमाग भिवराबाई, कडूबाई. तीन आठवडे बायका राबल्या, पण साफ केलेला काठ चार दिवसांत पुन्हा हिरवागार! आणि हे सगळं या शहाण्यामुळं!

हा बद्रीनाथ, तेलगावचा. गावातल्या मंजुळाबाईचा भाचा, कार्तिकात मावशीकडं आलेला. रोज महादेवाला फुलं वाहायचा आणि निर्माल्य पायदळी नको म्हणून डोहात सोडायचा.

"गावात झेंडू मेला व्हता का?"

"न्हाई..." त्यानं मान खाली घातली. "पर ही तुमी उपसलेली. तुमच्या हातची... देवाजवळ तुमालाच मागत व्हतो."

घ्या! तिच्या छातीत धडधडायला लागलं, आणि त्याचाही तिला संताप आला.

"मला मागत व्हता, आन् माझीच मेहनत पाण्यात घालत व्हता? उतरा आत!"

उतरला बिचारा. फेटा काठावर, स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात. उपसलेली वेल लांब नेऊन वाळवायची, मग जाळायची, हे तिनं ओरडून ओरडून शिकवलं. कधी हाताला हात लागला, की दोघंही उगाच वेलीकडं बघत राहायची. परतायचा दिवस टळून गेला, तरी तो रोज येतच राहिला.

मार्गशीर्षात डोहाचा तळ दिसला. गुरं पाण्यावर तुटून पडली. बद्रीनाथ कुडकुडत काठावर आला.

"झालं साफ. आता... जाऊ का मी गावाला?"

सत्यभामेचं डोकंच फिरलं.

"जावा की! महिनाभर देवाला सांगितलंत, माझ्या बापाला सांगाया तोंड न्हाई व्हय? मावशीला आजच धाडा घरी. मी कवाची हो म्हणून बसलेय!"