तिच्या आवडीची भाषा

"सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाशी मी लग्नच करणार नाही, बाई!"

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तिनं हे मैत्रिणीला इतकं ठणकावून सांगितलं, की मागच्या खुर्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं वळून पाहिलं. लांबुडका चेहरा, कोपरावर विरलेला स्वेटर, आणि समोरच्या पडद्यावर... सीच!

"मी अजून विचारलंय कुठे?" तो म्हणाला.

तिचे कान तापले. पण गप्प बसेल तर ती जज्जबाई कसली! वर्गानं तिला हे नाव उगाच दिलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीवर तिचा निकाल तयार असायचा. रोज अपडेट मागणारी अ‍ॅपं म्हणजे लाडावलेली कार्टी. मीटिंग म्हणजे काम टाळायची राजमान्य सोय. संध्याकाळी सहानंतरही ऑफिसात बसून राहणारा माणूस कष्टाळू नसतोच, त्याला घरी कुणी विचारत नसतं. आणि भाषा असावी तर पायथन, गोष्ट वाचल्यासारखी सरळ वाचता येणारी.

"आणि सी?" त्यानं विचारलं.

"ओळ संपली की अर्धविराम, ओळ संपली की अर्धविराम! दम लागतो वाचताना."

"पण पळते बघ कशी..."

"पळणाऱ्यांवर माझा भरवसा नाही," ती मान उडवून म्हणाली.

त्या दिवसापासून तो तिचा 'अर्धविराम' झाला. दोघं शेजारी शेजारी बसू लागले. लॅबची एक खिडकी नीट लागत नसे. पावसाचे शिंतोडे यायला लागले की तो काही न बोलता आपली खुर्ची तिच्या आणि खिडकीच्या मध्ये सरकवायचा आणि एक बाही ओली करून घ्यायचा. तिला ते दिसायचं. जगातल्या सगळ्यावर मतं ठोकणारी ही बया, नेमकी यावर मात्र तोंडाला कुलूप लावून बसायची.

शेवटच्या वर्षी तिला एका छोट्याशा ऑफिसात नोकरी लागली. पाव पोचवणाऱ्या गाड्यांनी कुठून कसं जावं, ते ठरवणारं सॉफ्टवेअर तिथं बनत होतं. आणखी एक जागा रिकामी होती आणि त्यानं परीक्षेसाठी केलेला प्रोग्रॅम नेमका हेच काम करायचा! साहेबांनी त्याला तो दाखवायला बोलावलं.

"ही नोकरी लागली तर राहीन इथे," तो म्हणाला. "नाहीतर दादानं निक्षून सांगितलंय, गावी ये आणि पंपाच्या दुकानात बस. शिक्षण संपेपर्यंत त्यानं वाट पाहिली, आता नाही पाहायचा."

"लागेल रे! प्रोग्रॅम चालतोय ना?" ती त्याच्या पडद्यात डोकावली. "पण शी! हे सगळं माझ्या ऑफिसात आणणारेस? मी रोज शेजारी बसून हे वाचायचं?"

तिला नुसतं चिडवायचं होतं. तो हसला... आणि मग पडद्यावरच्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

ठरलेल्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा ती मागच्या टेबलावर जीव मुठीत धरून बसली होती. त्यानं पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. एकही अर्धविराम नाही! सगळाच्या सगळा त्यानं पुन्हा लिहून काढला होता, पायथनमध्ये. त्यानं हळूच तिच्याकडे पाहिलं. बघ, तुला वाचता यावं म्हणून, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. तिला आधी लाजल्यासारखं झालं, आणि लगेच आठवलं, पळते ती सी.

साहेबांनी दोनशे दुकानांची माहिती दिली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि घुमत राहिला. साहेबांचा चहा संपला. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"तू तपासलं होतंस ना?"

"दहा दुकानांवर... लगेच झालं होतं सर. जुना सीमधला झटक्यात करतो. तो लॅबमध्ये राहिलाय. उद्या आणू?"

"पावाच्या गाड्या उद्यापर्यंत थांबतात का रे?" साहेब शांतपणे म्हणाले. "मला देखणं नको, चालणारं हवं. कळवतो."

असल्या 'कळवतो'चा अर्थ दोघांनाही समजत होता. एवढ्या दुकानांचा मेळ घालायला सावकाश चालणारा पायथनमधला प्रोग्रॅम पुरा पडणार नाही, हे त्याला कळत नव्हतं थोडंच! पण तिच्या मतापुढे त्याला स्वतःची अक्कल चालवायचं सुचलं नव्हतं. आणि ती? सगळ्यांना निकाल ऐकवणारी जज्जबाई साहेबांपुढे एक शब्द बोलू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये सामान आवरत होता. बॅग दाराशी होती.

"जुना चालव ना एकदा," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"चालव!"

त्यानं दोनशे दुकानं घातली. तिचा श्वास सुटायच्या आत सगळे रस्ते पडद्यावर हजर. ती बघतच राहिली आणि तिला रडू फुटलं.

"किती छान आहे रे हे..."

"तुला आवडत नव्हतं ना?"

"मूर्खा, माझी बडबड कुणी एवढी मनावर घेतं का?"

"मी घेतो."

"मला तू आवडतोस," ती हुंदके देत म्हणाली. "तुझ्या त्या अर्धविरामांसकट. विचार ना आता, पहिल्या दिवशी विचारलं नव्हतंस ते."

त्यानं टेबलावरच्या वह्या गोळा केल्या. "कुठल्या तोंडानं विचारू?"

"मग मीच येते तिकडे. सोडते नोकरी."

"नाही. माझ्यापायी तू काही सोडायचं नाहीस. तिथं पंपाशिवाय काही नाही, तू कोमेजशील. हे माझं मत. आजवर एवढंच एक ठोकलंय, ते तरी ऐक."

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. सवयीनं त्यानं खुर्ची खिडकीकडे सरकवली, मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला, बॅग उचलली आणि गेला. तिनं हाक मारली नाही. मारली असती तर तो वळला असता, आणि मग दोघांनाही जास्तच जड गेलं असतं.

थोड्या वेळानं मैत्रीण आली. तिचं लक्ष आपल्याच कामात होतं.

"जज्जबाई, हा प्रोग्रॅम कशात लिहू ग? सी की पायथन?"

जज्जबाई त्याच्या खुर्चीत बसली होती. खिडकीकडची बाही ओली होत चालली होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.