खडू दमट होईपर्यंत

आमच्या ह्यांचा धंदा घरसामान हलवण्याचा. एक जुनी व्हॅन, दोरखंडाची वेटोळी, सामानाला ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या रजया आणि दोर कापायची एक सुरी. बाकी सगळं कसंही पडलेलं असायचं, पण सुरीचे लाड विचारू नका. माझे झाले नसतील एवढे त्या मेलीचे व्हायचे.

काम संपलं की आधी तिला कोरड्या फडक्यानं पुसायचं. मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पात्यावर टाकून बोटानं अगदी टोकापर्यंत फिरवायचे. म्यानात कधीच ठेवायची नाही. कातडं ओल धरतं. बंद गाडी दिवसा तापते, रात्री गार पडते, आतल्या आत घाम सुटतो आणि लोखंड तो पितं, हे सगळं मला भाजी निवडता निवडता ऐकावं लागायचं. तेल लावलेली सुरी फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळायची, ओल शोषून घ्यायला आत एक खडू, आणि वरून सुतळी. लवकर लागणार असेल तर सुरगाठ. बरेच दिवस ठेवायची असेल तर दुहेरी गाठ. खडू हाताला दमट लागला की समजायचं, आता उघडून बघायची वेळ झाली.

हिवाळ्यात माझी बोटं आखडायची, तर म्हणायचे, "आण इकडे, तुलाही तेल देतो. गंज चढलाय."

"अहो, काहीतरीच काय!" मी म्हणायची. तरी हात पुढे करायचीच.

ते गेले. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात माणूस होत्याचा नव्हता झाला. व्हॅन घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. किल्ली माझ्याकडे.

सुरीची आठवण मला झाली ती पावसाळा सरल्यावर. एवढी जपलेली वस्तू, आणि मी इतके महिने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. शेड उघडली. गाडीचं दार ओढलं तर आतून कुबट वास आला. सीटवर बुरशी, बिजागऱ्या तांबारलेल्या. सुरीचा कप्पा उघडला. फ्लॅनेल स्वच्छ. पातं लखलखीत, आणि त्यावर ताजं तेल. बोटाला लागलं ना माझ्या! खडू नवा, कोरा.

मी जन्मभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून दिल्या. भुताखेतांना माझ्या डोक्यात कधी जागा नव्हती. मी सरळ लेकीला विचारलं.

"मला तर तेलाची बाटली कुठे असते तेही माहीत नाही," ती म्हणाली. "तूच केलं असशील, आई. हल्ली तुझं कशात लक्ष असतं?"

असेलही, म्हटलं. म्हणून खात्री करून घ्यायची ठरवली. सुरीनं लिंबू कापलं, न पुसता तशीच म्यानात खुपसली, कप्प्यात टाकली आणि गाडीची किल्ली लेकीच्या हवाली केली.

आठवड्यानं किल्ली परत मागून घेतली. म्यान एका बाजूला पडलेलं. सुरी फडक्यात. पात्यावर एक डाग नाही. सुतळीला सुरगाठ.

सुरगाठ! म्हणजे लवकरच परत यायचं होतं.

तिथेच सीटवर बसून मी ढसाढसा रडले. लेक म्हणाली, तुझ्याकडे दुसरी किल्ली असणार. म्हणू दे. घाबरायचं कशाला, आपल्याच माणसाला? त्यानंतर मी त्या नादालाच लागले. कधी लिंबू, कधी मिठाचं पाणी. सुरी गंजवायची आणि वाट बघायची. दरवेळी पातं साफ, दरवेळी सुरगाठ. माणूस काही दिसायचा नाही, पण येऊन गेलाय एवढं तरी कळायचं. तेवढं मला पुरत होतं असं म्हटलं तर खोटं होईल. मला ते हवे होते. सबंध, हातापायांसकट, बडबडीसकट.

हिवाळा लागला आणि लेकीनं गाडीला गिऱ्हाईक आणलं.

"उद्या बघायला येतायत. आता नाही म्हणू नकोस, आई. नुसती सडतेय ती शेडमध्ये."

"आणि मग त्यांनी यायचं कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुणी?" लेकीनं हळूच विचारलं.

मी भांडी विसळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पात्यावर मिठाचं पाणी शिंपडून ठेवलं. दुपारपर्यंत तांबूस ठिपके उठले. जेवण उरकून गाडीत जाऊन बसले, सुरी समोर उघडी ठेवली, दारं आतून लावून घेतली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. त्याआधी एकदा समोरासमोर भेट व्हायला हवी होती. जाऊन जाऊन जाणार कुठे?

शेडचा पत्रा उन्हानं तापला होता. बोटं ठणकत होती. ह्यांच्या सीटचा खळगा अजून तसाच होता. त्याच्याकडे बघता बघता केव्हा डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती तेलाच्या वासानं.

सुरी होती तिथेच होती. तांबूसच. तिला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

डोळे पुसायला एक हात उचलायला गेले, तर दोन्ही एकदम उचलले गेले.

तळव्याला तळवा जुळवून हात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले होते. वर सुतळी. आत बोटं हलवून बघितली. मऊ होती. ठणका गेला होता.

लेक शोधत आली आणि काचेवर टकटक करायला लागली. मी कोपरानं दार उघडलं.

"हे कुणी बांधलं?"

मी हात तिच्यापुढे केले. आपले दोन्ही हात आपल्यालाच असे बांधता येत नाहीत, हे तिलाही दिसत होतं. गाठ सोडायला ती वाकली आणि थांबली.

"आई," ती म्हणाली, "ही बाबांची दुहेरी गाठ आहे."

"हो," मी म्हटलं. "देऊन टाक गाडी."

तिनं नखांनी सुतळी सोडवली. तेलकट तळव्यांच्या मधे खडू होता. नवा, कोरडा.

गाडी गेली, सुरीही तिच्याबरोबर गेली. मी मागितली नाही. खडू मात्र उशाशी ठेवलाय आणि रोज उठल्याबरोबर चिमटीत धरून बघते. सगळा उन्हाळा तो खडखडीत होता. लेक खूश आहे. म्हणते, तुझी तब्येत किती छान राहिलीय, बोटंही दुखत नाहीत.

आज सकाळी तो हाताला जरा दमट लागला. लेकीला अजून सांगितलेलं नाही.