कॉपी केलेलं बटण

फिजिओथेरपीच्या खोलीत वॉर्डातली सिस्टर गेली होती फक्त एका पेशंटचे कागद द्यायला. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, आणि पडद्यावर चौकट आली – ‘झालं! आता जरा हस.’

फिजिओबाई हसल्या. दोन्ही गालांवर खळ्या पडल्या.

सिस्टरच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ते वाक्य तिचं होतं! दोन महिन्यांपूर्वी प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या कॉम्प्युटरवाल्याने तिला ड्यूटीचा तक्ता हाताने जुळवताना पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या एक्सेल फाइलीत एक बटण बसवून दिलं. ते दाबलं की मॅक्रो, म्हणजे त्याने आत लिहून ठेवलेल्या सूचनांचा संच, चालायचा, सगळ्यांच्या पाळ्या आपोआप लागायच्या आणि शेवटी ते वाक्य यायचं. तेव्हापासून तो दिवसातून दोनदा प्रिंटर बघायला येई. प्रिंटर ठणठणीत होता. या आठवड्यात त्याला मनातलं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलंही होतं.

‘म्हणे सांगणार होते... शहाणी!’ ती स्वतःवरच चरफडली. सगळ्यांनाच हसवत फिरतो मेला.

तीन दिवस तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तक्ता उघडला, तर – सकाळपाळी: गुडघा. दुपारपाळी: कंबर. रात्रपाळी: मान, डावी बाजू.

झक मारत त्यालाच बोलवावं लागलं. तो खुर्ची ओढून बसला. ती हाताची घडी घालून, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“फिजिओबाईंनी सगळ्यांना उघडता येतं त्या सामायिक फोल्डरमधून तुझं पान कॉपी केलंय,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “पान त्यांच्या फाइलीत गेलं, पण बटण अजून तुझ्याच फाइलीला बांधलेलं. त्यांनी दाबलं की मॅक्रो इथला चालतो आणि त्यांची यादी तुझ्या तक्त्यात येऊन पडते. त्यांचं पान रिकामं होतं तोवर कळलं नाही, आज यादी भरून दाबलंय.”

ती गर्रकन वळली. “म्हणजे... तू नाही करून दिलंस त्यांना?”

“मी? मी त्यांच्या खोलीत कधी गेलोसुद्धा नाही.”

“आणि त्या खळ्या?”

“कुठल्या खळ्या?”

तिने हाताची घडी सोडली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

“चूक माझीच,” तो पुटपुटला. “‘ज्या फाइलीत आहेस तिथेच काम कर’ असं मॅक्रोत लिहायला हवं होतं. मी सरळ तुझ्या फाइलीचं नाव लिहून मोकळा झालो.”

“का?”

“तेव्हा... दुसरं काही सुचतच नव्हतं.” त्याचे कान लाल झाले.

त्याने कालच्या प्रतीवरून तक्ता परत आणला, मॅक्रो सुधारला. फिजिओबाईंच्या फाइलीला वेगळं बटण दिलं, ते कोरडं ठक्क, ‘हस’ वगैरे काही न म्हणणारं. तरी तो उठेना.

“दोन ओळी बदलायला एक तास?”

“दहा मिनिटांत झालं होतं. तू तीन दिवस बोलली नाहीस... काय चुकलं ते विचारायचा धीर होत नव्हता.”

“जळत होते मी,” ती एका दमात म्हणाली. “त्या बाईंवर. तुझ्यावर जणू माझा हक्कच आहे अशी जळत होते. पुन्हाही जळेन, आत्ताच सांगून ठेवते.”

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, “हक्क... किती दिवसांचा?”

“ते उद्या घरी येऊन आईला विचार.”