पडद्यामागची न्याहारी

लोहगडवाडीतल्या त्या टपरीची पाटी वाचून माझे डोके फिरले. ‘मावळची अस्सल पारंपरिक न्याहारी : कांदेपोहे, नूडल्स.’ पोह्यांना मी एक वेळ क्षमा केली असती, पण नूडल्स?

मी लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, आणि परंपरेच्या नावाने खपवलेले असत्य मला सहन होत नाही. मालकाला जाब विचारण्यासाठी मी मागचा ताडपत्रीचा पडदा सरकवला — आणि थबकले. धुक्यात, एका दगडावर बसून, तो तरुण रात्रीची तांदळाची भाकरी सुकटीच्या चटणीशी खात होता. मला पाहताच त्याने ताटली पाठीमागे लपवली.

“लपवता काय?”

“वासानं गिऱ्हाईक पळतंय, मॅडम.”

“म्हणजे पुढे थाप आणि मागे परंपरा! नाव काय तुमचे?”

“गौरव.”

“वा! शोभते.”

तो ओशाळून हसला. “लय रागावलाय. आधी खाऊन घ्या, मग भांडा. उपाशीपोटी भांडान अंगी लागत न्हाई.”

त्याने अर्धी भाकरी मोडून दिली. बोटांना बोटे लागली… आणि मी भांडायचे विसरले. क्षणभरच.

पुढचे चार रविवार मी केवळ भांडायला गेले. गडाची एक पायरीही चढले नाही. पाटी जागची हलली नव्हती, मात्र माझी अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे.

शेवटी मी बजावले, “ती पाटी उतरवा, नाहीतर मी पुन्हा येणार नाही.”

त्याचे हसू मावळले. “उतरवतो. पन एक सांगा… कॉलेजात तुमच्या डब्यात काय असतंय?”

“सँडविच,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ऐकवेना.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात आईने दिलेली सुकट मी स्टाफरूममध्ये उघडली होती. एका बाईंनी फक्त उठून खिडकी उघडली. त्यानंतर सहा वर्षे मी सँडविचच नेत होते.

“म्हंजी पडदा तुमच्याकडंबी हाय,” तो हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तेच असह्य होते.

“बांधा भाकरी,” मी म्हणाले. “सुकटही.”

सोमवारी डबा उघडताच त्याच बाई उठल्या, खिडकीकडे निघाल्या.

“उघडा, बाई, अगदी सताड उघडा,” मी म्हणाले. “मावळात सकाळी काय खातात, ते लोणावळ्यालाही कळू दे.”

आणि डबा मी चाटूनपुसून संपवला.

रविवारी तो रिकामा डबा मी गौरवपुढे ठेवला. ताडपत्री नव्हती. बसायचा दगड टपरीपुढे आला होता, आणि नव्या पाटीवर खडूने लिहिले होते — ‘रातची भाकरी, सुकट. आमी हेच खातो.’

ती वाचून दोन ट्रेकर नाक मुरडून वळले. मी तावातावाने त्यांच्यामागे निघाले, तोच गौरवने माझे मनगट धरले.

“जाऊ द्या की, चैताली…” पहिल्यांदाच, मॅडम न म्हणता. “किती जनांशी भांडाल?”

“जन्मभर!”

“मग रोज सकाळी कायतरी खाऊन निघावं लागंल.” तो जमिनीकडे पाहत होता. “माज्या घरनं…”

“रोज?”

“रोज.”

“मग अर्ध्या भाकरीवर भागायचे नाही,” मी म्हणाले, आणि त्या दगडावर रस्त्याकडे तोंड करून, त्याच्यापुरती जागा सोडून बसले.