दोन कुलपांची खोली

"कुठं उलथलाय हा बाबा, कुणास ठाऊक!" वसुमती बंद दारापुढे किल्ली घेऊन पुटपुटली.

"इथंच आहे की, अक्का! स्वल्प सरका, माझं कुलूप खालचं."

ती दचकून वळली. विस्कटलेले केस, धापा टाकणारा एक उंच तरुण... आणि चक्क मराठी?

"प्रणीत. संगणक सुरक्षेचा माणूस," तो हसला. "घर माणसांनी भरलेलं, चार पिढ्या मल्लेश्वरममध्ये, पण आई अजून मराठीतच रागावते."

वसुमती खळखळून हसली आणि मग स्वतःच लाजली. बंगळूरमध्ये आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

आत मतदार यादीचा सर्व्हर होता. निवडणुकीच्या संगणकांत कुणी घुसू नये म्हणून राज्य नवा कायदा आणत होतं, आणि त्याची ही रंगीत तालीम. दाराला दोन कुलपं, किल्ल्या दोन खात्यांच्या दोन माणसांकडे. एकट्याने उघडायचं नाही, काम संपेपर्यंत दोघांनी आतच बसायचं. विधेयकाचा मसुदा कायदा खात्यातल्या वसुमतीनेच लिहिला होता, म्हणून एक किल्ली तिच्याच गळ्यात पडली.

निपाणीची ही मुलगी बंगळूरच्या यशवंतपूर भागात एका खोलीत एकटी राहायची. ऑफिसात कन्नड, बाहेर हिंदी, आणि रविवारी तर तोंड उघडायचं ते फक्त दात घासायला! आई फोनवर "जेवलीस काय?" विचारायची, ही "हो" म्हणायची आणि भिंतीकडे बघत बसायची. एवढं मोठं शहर, पण उद्या आपण दिसलो नाही तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, या विचाराने तिला खरंच रडू यायचं.

आता मात्र दर शुक्रवारी ती थंडगार खोली, यंत्रांची घरघर आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मोबाइल बाहेर ठेवायचा, मग बोलण्यावाचून करणार काय?

"अक्का, थंडी वाजते काय?"

"अक्का नका हो म्हणू."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"वसुमती..." त्याने हळूच म्हणून पाहिलं. "सरी, ठीक आहे. पण एवढं लांब नाव रोज घ्यायचं म्हणजे—"

"रोज कुठे? शुक्रवारीच तर भेटतो."

"तेच तर वाईट आहे," तो म्हणाला, आणि लाल झालेल्या कानांनी स्क्रीनकडे वळला. त्या दिवशी वसुमती घरी गेली ती गुणगुणत.

मग विधेयक सभागृहात मंजूर झालं. पुढच्या शुक्रवारी प्रणीत अगदी वेळेवर आला. "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि गप्प.

"काय झालं हो?"

"छापील कायदा वाचला. किल्लीधारकांचं कलम. कळलं मला."

दोघांनी संगनमत करू नये म्हणून तिनेच घातलेलं कलम होतं ते: किल्लीधारकांमध्ये रक्ताचं, लग्नाचं किंवा जिव्हाळ्याचं नातं नसावं. म्हणजे याला नातं नकोच आहे, आणि बिचारा कायद्याच्या आडून सांगतोय, असं तिने धरलं. तीही गप्प झाली. समोर माणूस असून एकटं बसणं त्या रिकाम्या खोलीपेक्षाही जड होतं.

कायदा लागू झाल्यावर पहिल्यांदा दार उघडायचा दिवस आला. निवडणूक शाखेच्या प्रमुख भाग्यलक्ष्मी मॅडम साक्षीदार घेऊन हजर होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी मोठ्याने विचारलं, "तुम्हा दोघांत काही नातं?"

"इल्ला, मॅडम," प्रणीत जमिनीकडे बघत म्हणाला. नाही.

आता वसुमतीची पाळी होती. आपणही "नाही" म्हटलं तर शुक्रवार शाबूत. गप्प का होईना, तो समोर बसेल. "आहे" म्हटलं तर किल्ली जाणार, तोही जाणार, वर चारचौघांत शोभा! पण स्वतः लिहिलेल्या कायद्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं?

"त्यांच्याकडून नसेल," ती म्हणाली. "पण... माझ्याकडून आहे."

कुणीतरी खोकलं. मॅडमनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली दिली आणि तडक जिना गाठला. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

"वसुमती! अहो, थांबा तरी!" प्रणीत धावत आला. "मीही किल्ली देऊन आलो. उत्तर बदललं मी."

"मग आधी नाही कशाला म्हणालात?"

"तुम्हीच नको म्हणालात म्हणून! तेही चक्क कायद्यात लिहून!"

"अहो शहाणे, ते कलम मी तुम्हाला भेटायच्या आधीच लिहिलंय!"

तो कपाळावर हात मारून पायरीवरच बसला. वसुमती रडता रडता हसत त्याच्या शेजारी टेकली.

"फार एकटं वाटत होतं हो मला," ती म्हणाली.

"मलाही."

"घर माणसांनी भरलेलं असून?"

"भरलेलं असूनही."

वसुमतीने त्याचा हात हातात घेतला. वरती दार उघडायला नवीन माणसं शोधायची धावपळ सुरू झाली होती.